मदतीस तत्पर. भांडखोर.

स्मरणिकेसाठी स्वतःबद्दल लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी मेडिकलच्या काउंटरवर एका गृहस्थांशी भांडत होते. त्यांना अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळ्यांची पट्टी हवी होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. "रोज बघता की तुम्ही मला!" एवढाच त्यांचा मुद्दा. फोनवर "लिहीन, नंतर बोलते" म्हटलं आणि भांडण पुढे चालू ठेवलं. रात्री आठवलं की आपल्याबद्दल लिहायचं तर शाळेनेच ते केव्हाच लिहून ठेवलंय, तेही तीन शब्दांत.

आठवीचं प्रगतिपुस्तक, साल १९८५-८६. शेऱ्याच्या अरुंद रकान्यात वर्गशिक्षिका बाईंनी लिहिलं होतं, 'मदतीस तत्पर. भांडखोर.' बाबांची वागळे इस्टेटमध्ये पाळी होती, म्हणून पालकसभेला आई आली. तिने घाबरत घाबरतच विचारलं, "बाई, चांगलं आणि वाईट एकाच ओळीत कसं?" बाई म्हणाल्या, "मुलगी एकच आहे ना?" आणि पुढच्या पालकांना हाक मारली. तळावपाळीवरून घरी जाताना आई गप्प होती. मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी थांबून म्हणाली, "मधे एखादा 'पण' तरी घालायचा बाईंनी."

मला तेव्हा तो शेरा कशासाठी आहे हे पक्कं ठाऊक होतं. माझी नवी कंपासपेटी हरवली होती आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने ती घेतली, असं मी अख्ख्या वर्गादेखत ओरडून सांगितलं होतं. तिचं दप्तर मी स्वतः बाकावर उपडं केलं. पेटी संध्याकाळी घरी सापडली, शिवणयंत्राच्या खणात. दुसऱ्या दिवशी "सापडली" हा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. त्याऐवजी महिनाभर रोज मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली अर्धी मेथीची भाजी आणि एक पोळी मी तिच्या डब्यात घालत राहिले. बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "डबा देतेस ते ठीक. तोंडाने कधी सांगणार आहेस?" मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. १९८८ला दहावी झालो, ती डोंबिवलीला राहायला गेली, विषय संपला. संपला, असं मी समजले.

पुढे डी. फार्म. केलं, लग्न झालं. शेऱ्यातला दुसरा शब्द खोडायचाच, असं मी मनाशी ठरवलं होतं. सासरी जमलं बऱ्यापैकी. दुकानात तर इतकं जमलं की नौपाड्यातली अर्धी ज्येष्ठ मंडळी औषधं घ्यायला माझी ड्युटी बघून यायची. ('मेडिकलवाल्या ताई' हे नाव तेव्हाचं.) त्यांतलेच एक आजोबा गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक न्यायचे. पाकिटावर आरएक्सची खूण असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये हे मला पाठ होतं. पण जिना चढून डॉक्टरांकडे जाणं त्यांना झेपत नाही, मग कशाला त्रास द्या, म्हणून मी देत राहिले. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू होत्या हेही मला माहीत होतं, त्याही मीच द्यायचे! काही महिन्यांनी पायांवर सूज आली, बीपी चढलं, मूत्रपिंडांच्या तपासणीत क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. या वेदनाशामकांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, कुणी दिल्या? आजोबा कौतुकाने म्हणाले, "आमच्या मेडिकलवाल्या ताई फार चांगल्या आहेत, त्या देतात." त्यांच्या सुनेने हे मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. आजोबा सावरले, पुढे कितीतरी वर्षं जगले. मला मात्र त्या 'फार चांगल्या' शब्दाची आजही शिसारी येते.

त्याच सुमारास एका व्याख्यानाला गेले होते. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९०पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे, त्यामुळे अल्बर्ट एलिस हे नाव इथे कुठे ना कुठे कानावर पडतंच. अमेरिकेतला हा मानसशास्त्रज्ञ (१९१३-२००७), विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्याची. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कृतीला खुशाल चूक म्हणा, अगदी घोडचूक म्हणा, त्यावरून अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. वक्त्यांनी फळ्यावर भलामोठा 'मी' काढला आणि त्याच्या पोटात छोटे छोटे 'मी' भरले: आळशी मी, प्रेमळ मी, चिडका मी, हिशेबी मी. सगळे हसले. मला एकदम आठवीतला तो रकाना दिसला. बाईंनी एलिस वाचला असेल-नसेल, 'पण' न घालता पूर्णविराम मात्र दिला होता.

याचा अर्थ मी सुधारले असा घेऊ नये. चिठ्ठी नसेल तर आता मी नाही म्हणते आणि ते गोड बोलून म्हणायला मला अजूनही जमत नाही. मार्च २०१४पासून एच-वन या कडक यादीतल्या औषधांची (अल्प्राझोलाम त्यातलंच) वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली, सगळं; ती तीन वर्षं जपायची. त्या वहीसाठी मी मालकांशीही भांडले आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. काउंटरवरच्या नव्या मुलावर मागे उगाच ओरडले, त्याचं वाटलं. चूक माझ्या वाचण्यातली होती. चहा मागवून विषय मिटवायचा जुना मोह झालाच. चहा मागवला, आणि तोंडानेही सांगितलं. तो इतका गोंधळला की चहा गार झाला.

गेल्या डिसेंबरात आमच्या बॅचचं संमेलन शाळेच्या पटांगणात झालं. डोंबिवलीची ती आली होती. मी तिला वडाच्या पाराकडे ओढत नेलं आणि कंपासपेटीचं सगळं एका दमात सांगून टाकलं, शिवणयंत्राच्या खणासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "दप्तर उपडं केलंस तेव्हा माझं रिकामं शाईचं पेन खाली पडलं होतं, निब वाकली," ती म्हणाली. म्हणजे सगळं लक्षात होतं. मला काय बोलावं सुचेना. मी उगाच विचारलं, "आणि मेथीची भाजी? ती आठवते का गं?"

"न आठवायला काय! मला मेथी अजिबात आवडत नाही. महिनाभर मुकाट खाल्ली. नको म्हटलं असतं तर तू पुन्हा दप्तर उपडं केलं असतंस."