वेळ कुठून काढते, ते एकदा सांगते

"चित्रं काढायला तुला वेळ कसा गं मिळतो?" भिशीत विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत लांबची मावशी विचारते. मी दरवेळी "होतं कसंतरी" म्हणते आणि विषय बदलते. त्या उत्तराने ना तुमचं समाधान होतं, ना माझं. शिवाय या प्रश्नाच्या पोटात दुसराही एक प्रश्न असतो आणि तो मला दरवेळी लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज दोन्हींची उत्तरं देते.

सोप्याचं आधी. मी जलरंगात काम करते ते जलरंग सोपे असतात म्हणून नाही. ते मुळीच सोपे नसतात, चुकलेला पॅच झाकता येत नाही. मला खरी ओढ तेलरंगांची. पण त्यातलं जवसाचं तेल हवा लागून सावकाश घट्ट होतं, त्याला दिवसच्या दिवस जातात, आणि टर्पेंटाइनचा वास सासूबाईंच्या दम्याला चालणारा नाही. जलरंग बांधलेला असतो डिंकाने, आणि डिंक वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. मागच्या रविवारी पॅलेटमध्ये सुकून गेलेल्या अल्ट्रामरीनवर आज ओला ब्रश फिरवला की रंग तयार. म्हणजे मध्येच उठता येतं. कुकरसाठी, बेलसाठी, फोनसाठी. जिला मध्येच उठावं लागणार हे ठरलेलंच आहे, तिने हेच माध्यम घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद मी अप्पा बळवंत चौकातून आणते, कधी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून. 22 बाय 30 इंचांचा ताव घेतला की त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. तेवढ्या तुकड्यावर एक चित्र दोन-तीन बैठकांत उरकतं. रंग चारच बाहेर ठेवते: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमसन. पहिले दोन एकमेकांत मिसळले की आपल्या काळ्या दगडाचा करडा मिळतो, घाटाच्या पायऱ्यांचा, वाड्यांच्या जोत्यांचा. पुण्यात राहून चित्र काढणाऱ्या माणसाला तेवढा एक करडा जमला तरी पुष्कळ काम होतं. ऑफिसला मेट्रोने जाते, वनाझहून. बसायला जागा मिळाली तर पर्समधल्या छोट्या वहीत पेनने समोरच्या माणसांचे हात काढते. डेक्कनपासून पुढे गाडी नदीच्या कडेने जाते, तेव्हा वही मिटून पाणी बघते. तेही मी चित्रकलेतच धरते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामान बाहेर हवं. माझं शिलाई मशीनच्या झाकणावर असायचं, खिडकीशी, पसरलेलं. माळ्यावरून पेटी काढा, पेपर अंथरा, पाणी आणा, मग सगळं परत आवरा, यातच अर्धा तास जातो आणि उरलेला कंटाळ्यात. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं केलंय. मग दहावी आली आणि कॅमलची पेटी माळ्यावर गेली. हात तेव्हाच गेला असं मी मानत नाही. पेटी वर गेली, एवढंच झालं.

मध्ये एकदा भिशीत मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले होते, "रोज पंधरा मिनिटं काढा, बास." काहीजणींनी ते मनावर घेतलं होतं, म्हणून सांगते की आज मला ते तसं म्हणवत नाही. एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांत दोन वॉश, म्हणजे पातळ रंगाचे पसरलेले थर, होतात, कागद बघता बघता वाळतो. जुलैत पहिलाच वॉश ओला राहतो, पंख्याखाली धरला तरी. तोवर कणीक मळून होते, भाजी चिरून होते, हे खरं आहे आणि मी तसं करतेही. पण ती पंधरा मिनिटं कुणाच्या वाटची, हे मी तेव्हा सांगितलंच नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. जो माणूस रोज सकाळी वेताळ टेकडी चढून येतो, त्याला कुणी विचारत नाही की वेळ कसा मिळतो. दर रविवारी सिंहगडावर जाणाऱ्याला विचारत नाही. डिसेंबरात सवाईसाठी रजा टाकणाऱ्यांचं तर कौतुकच होतं, आणि व्हायलाच हवं, मीही जाते. मग चित्र काढणाऱ्या बाईलाच का? मला त्यातून ऐकू येतं ते असं: घरचं कोण बघतं? कुठलं काम टाकून हे चाललंय? माझा कान तिखट झाला असेल. पण तो उगाच झालेला नाही.

ऑगस्टमधला रविवार होता. ओंकारेश्वराच्या बाजूचा नदीकाठ काढत होते, धरणातून पाणी सोडल्यावर मुठा फुगते तेव्हाचा. आभाळाचा वॉश चालू होता. त्यात बोर्ड तिरका धरायचा, रंगाचा ओघळ कागदाच्या कडेला तोलून धरायचा आणि न थांबता खालपर्यंत आणायचा. मध्ये थांबलं की तिथे काठ उमटतो आणि तो जात नाही. निम्म्यावर आले होते आणि बाथरूममधून आवाज आला. बादली पडल्याचा नव्हता तो, मला लगेच कळलं. ब्रश हातातच घेऊन धावले. आई खाली पडल्या होत्या, एका कुशीवर, आणि "अगं काही नाही, काही नाही" म्हणत होत्या. काही नाही असं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हे मंडईत गेले होते. शेजारच्यांच्या मदतीने आईंना खुर्चीत बसवून खाली आणलं, हॉस्पिटलला नेलं. अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरत होते तेवढ्यात वन्सं पोचल्या. त्यांनी आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. बोटं निळी होती. आईंच्या साडीलाही खांद्याशी निळा डाग पडला होता, मी उचललं तिथे. वन्संनी विचारलं, "तू काय करत होतीस?" मी म्हणाले, "चित्र." त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर जो जो भेटायला आला त्याला त्यांनी सांगितलं, "ही आत चित्र काढत होती." आवाज अजिबात न चढवता, शांतपणे.

मी पोळ्या लाटत असते तर? स्वयंपाकघर बाथरूमपासून आणखी लांब आहे. कुकरच्या शिट्टीत मला आवाजही आला नसता. तरी "ही आत पोळ्या लाटत होती" असं कुणी कुणाला सांगितलं नसतं. पीठ लागलेल्या हातांनी मी फॉर्म भरला असता तर "बिचारी तशीच धावत आली" असं झालं असतं. हा हिशोब मी तेव्हापासून मनात इतक्यांदा मांडलाय की तो मला पाठ आहे, आणि तो बरोबर आहे. तरीही रात्री हॉस्पिटलात आईंच्या कॉटशेजारी बसले होते तेव्हा मला तो पुरला नव्हता. पाच मिनिटं आधी उठून "आई, आंघोळीचं पाणी काढून देऊ का?" असं विचारता आलं असतं. रोज विचारायचे. त्या दिवशी आभाळ ओलं होतं.

घरी आल्यावर मी सामान आवरून माळ्यावर टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बरेच महिने एक रेघ काढली नाही, मेट्रोतही नाही. त्या महिन्यांत घर जास्त नीट चाललं का? आईंच्या औषधांकडे, व्यायामाकडे माझं पूर्ण लक्ष होतं, हे मी नाकारत नाही. पण उरलेला वेळ कुठे गेला ते मला आजही दाखवता येणार नाही. तो कुणालाच मिळाला नाही. मी मात्र चिडचिडी झाले होते, मुलाने तसं तोंडावर सांगितलं.

इथे तुम्हाला वाटत असेल की मग आईंनीच एक दिवस म्हटलं असेल, काढ गं चित्र. तसं झालं नाही. वॉकर घेऊन चालायला लागल्यावर त्या खिडकीपर्यंत आल्या, मशीन हलवलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस, आता वॉकर अडत नाही." त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, त्या खरंच जागेबद्दल बोलत होत्या. त्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आणि दुसऱ्या दिवशी पेटी खाली काढली. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते मला नीट सांगता येत नाही. राग होता, एवढं नक्की.

आता सामान जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला असतं. तिथून बाथरूमचं दार दिसतं. आत पकडायचा दांडा बसवलाय, बाहेर बेल लावलीय. रविवार सकाळ मी सोडली. रात्री नऊनंतर बसते, ट्यूबच्या उजेडात रंग खोटे दिसतात, सकाळी उठून बघते तेव्हा करडा निळसर निघालेला असतो. जेवताना ताटं दाटीने मांडावी लागतात. हे कुरकुरतात. वन्सं येतात तेव्हा टेबलाकडे बघतात, मी सामान उचलत नाही. उचलावं का, यावर माझं दर वेळी वेगळं मत असतं.

परवा जिन्यात काकूंनी पुन्हा विचारलं. त्यांच्याकडे इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट आहे, बी ग्रेडचं, अजून जपलेलं. मी त्यांना म्हणाले, तावाचे आठ तुकडे कापलेत, त्यातले चार तुमचे, उद्या आणून देते. फक्त घरात कुठली जागा देणार ते आधी सांगा, जिथून ते सामान कुणी उचलणार नाही. काकू म्हणाल्या, "विचारून सांगते."