पांढरं वेस्ट, रंगीत वेस्ट

कुपवाड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि मामा. मामा नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण वयानं आणि हातानं सगळ्यांचे आहेत.

दोन वर्षांमागं आम्हाला काम देणाऱ्या कंपनीनं एक तरुण प्रशिक्षक पाठवला. त्यानं भिंतीला चार्ट चिकटवला आणि सुरुवात केली, "कारखान्यात सात प्रकारचं वेस्ट असतं."

मामा मागून म्हणाले, "आमच्यात दोनच असतंय, सायेब. पांढरं आन् रंगीत."

ज्यांनी शेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं वेस्ट म्हणजे हात आणि मशीन पुसायला किलोवर आणतात तो सुताचा गुंता. रंगीत स्वस्त, ते हाताला. पांढरं महाग, ते मामांच्या ताब्यात. पांढऱ्यानं पुसलं की काय निघालं ते दिसतं. नुसतं काळं तेल आलं तर ठीक, पण त्यात चंदेरी चमक दिसली की आत कुठंतरी धातू धातूला खातोय. आणि चालू मशिनला वेस्ट लावायचं नाही, मग ते कुठल्याही रंगाचं असो. जॉब धरून फिरणाऱ्या चकनं एक धागा धरला तर मागोमाग हात जातो. नवीन पोराला मामा आधी हे शिकवतात, मायक्रोमीटर नंतर.

प्रशिक्षकाचं वेस्ट म्हणजे वाया जाणं, आणि ते सात प्रकार टोयोटाचे इंजिनिअर ताइची ओनो यांचे होते. गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघत बसणं, माल इकडून तिकडं नेणं, नको तेवढं काम करणं, साठा, उगीचची हालचाल, बिघडलेला माल. जपानीत याला 'मुदा' म्हणतात म्हणे. मी मान डोलावली, पण नजर दाराकडं होती. तिथं दीडशे बुश गंजत पडले होते. "करून ठेवू, पुढच्या ऑर्डरला होतील" म्हणून केलेले, आणि पुढच्या ऑर्डरला ड्रॉइंगच बदललं. करून ठेवायला मीच सांगितलं होतं, त्यामुळं तो विषय मी वाढवला नाही.

मग तो टीपीएमवर, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सवर आला. १९७१ साली जपानच्या निप्पॉनडेन्सो कंपनीत रुजलेली पद्धत. मशीन चालवणाऱ्यानंच ते पुसायचं, तेल द्यायचं, नट आवळायचे. त्याला स्वतःला जमेल त्या बिघाडाला पांढरा टॅग, मेंटेनन्सवाल्याला बोलवावं लागेल तिथं लाल. "पुसणं म्हणजेच तपासणं," असं तो म्हणाला. मला ते चार्टवर शोभणारं वाक्य वाटलं. आमच्याकडं मेंटेनन्सवाला म्हणजे फोन केल्यावर संध्याकाळी येतो तो.

त्याच वर्षीची खंडेनवमी. त्या दिवशी मशीन बंद, आणि वर्षातून एकदा आम्ही ते खरोखर पुसतो. बुरादा काढायचा, ट्रे धुवायचा, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मोठ्या लेथच्या हेडस्टॉकवर, म्हणजे गिअर असतात त्या पेटीवर, तेलाची पातळी दाखवणारी गोल काच आहे. तीत अर्ध्यावर तेल रोज दिसायचं. मामांनी पांढरं वेस्ट घेऊन काच पुसली आणि ते तेल वेस्टवर आलं.

म्हणजे पातळी नव्हतीच. काचेवर बसलेल्या मेणचट डागाची कड होती ती. किती दिवसांची, देव जाणे. चार महिने गिअर घरघरत होते आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं मशिनचं. हार हातात तसाच धरून मामा गिअर ऑइलचा डबा शोधायला गेले. त्या वर्षी पूजेचा मुहूर्त टळला.

माझा साडू विट्याला यंत्रमाग चालवतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मागाचं बरं, धागा तुटला की समजतं." टोयोटा समूहाचे मूळपुरुष साकिची टोयोडा, त्यांचा १९२४ चा माग तर धागा तुटला की आपणहून थांबायचा, आणि टोयोटाची पद्धत तिथूनच वाढली. लेथ तसा मानी नाही. तेल संपलं तरी घरघरत जॉब काढून देतो, गरीब सुनेसारखा.

पुढच्या आठवड्यात मामांनी घरातून नातीची नेलपॉलिश आणली आणि काचेशेजारी लाल रेघ मारली. तेल रेघेच्या खाली गेलं की मशीन चालू करायचं नाही. दर शनिवारी सुट्टीआधी पाव तास सगळे पुसायला लागले. पहिले दोन शनिवार कुरकुर झाली. तिसऱ्या शनिवारी ड्रिलवरच्या पोराला चिरलेला पट्टा सापडला आणि सुट्टी होईपर्यंत तो पट्टा गळ्यात घालून फिरला.

मध्यंतरी प्रशिक्षक पुन्हा आला. हातात फॉर्म होता. त्यानं मामांनाच विचारलं, "मग मामा, वेस्ट किती कमी झालं?"

"कमी कुठलं वो," मामा म्हणाले. "आदी म्हैन्याला पाच किलो लागायचं, आता सात लागतंय. त्येबी पांढरं."