चेसिसवरचा 'एमएच'

विम्याच्या पोर्टलवर एक रकाना होता. गाडी इम्पोर्टेड आहे का? होय किंवा नाही. एजंटने मला न विचारताच 'नाही'वर टिक मारली आणि पुढच्या पानावर गेला.

मी म्हटलं, "जरा मागं जा."

"मॅडम, एमएच-09 पासिंग हाय की. इम्पोर्टेड कुठनं आली?"

गाडी यामाहा आर-थ्री. 321 सीसी, दोन सिलिंडर, मार्च 2024 चं पासिंग. शाहूपुरीतल्या एका मुलाकडून मी ती सेकंडहँड घेत होते. तो नोकरीला बाहेर चालला होता आणि मागे ती चालवणारं घरात कुणी नव्हतं. गाडी बघून, रंकाळ्यापर्यंत फिरवून इसार देऊन झाला होता. पण विमा उतरवल्याशिवाय दारात आणायची नाही असं मी पक्कं ठरवलं होतं, कारण जून लागला होता. या दिवसांत कोल्हापुरात माणूस उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी आहे ते बघतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला आणि परत 2021 ला पाण्याखाली गेलेल्या गाड्या मी डोळ्यांनी बघितल्यात. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यातून त्या गाड्यांचा एक नटबोल्टसुद्धा भरून मिळत नाही.

या गाडीला थर्ड पार्टी होताच. सप्टेंबर 2018 पासून नवीन दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे 2029 पर्यंत काळजी नव्हती. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग मात्र एकाच वर्षाचा होता आणि तो मार्चमध्ये संपला होता. मला तेवढाच वेगळा घ्यायचा होता. काम साधं होतं, त्या एका रकान्याने अडवलं.

एजंटचं म्हणणं असं, की 'होय' टाकलं की केस वरच्या ऑफिसला तपासायला जाते, चार कागद मागतात, हप्ताही वाढू शकतो. 'नाही' टाकलं की दहा मिनिटांत पॉलिसी. "कोण बघतंय ओ!" हे त्याचं शेवटचं. मी बँकेत कर्जाचे कागद तपासते, त्यामुळे हे वाक्य रोजच ऐकते. आज कुणी बघत नाही हे खरं आहे. पण क्लेम आला की सर्व्हेयर येतो आणि सगळ्यात आधी चेसिस नंबरच बघतो. तिथे एक आणि फॉर्ममध्ये एक निघालं, तर सही एजंटची नसते, आपली असते.

मला शंका यायला कारण होतं. आर-थ्री आपल्याकडे पहिल्यांदा 2015 ला आली तेव्हा सुटे भाग आणून उत्तर प्रदेशात सूरजपूरच्या कारखान्यात जोडली जायची. नंतर ती बंद झाली. डिसेंबर 2023 ला परत आली ती मात्र इंडोनेशियातून तयार होऊनच. म्हणजे नाव एकच असलं तरी 2016 ची आर-थ्री आणि 2024 ची आर-थ्री यांचं या रकान्यातलं उत्तर एक नाही. सुझुकीच्या हायाबुसाचंही तसंच. 2016 पासून ती हरियाणात जोडायला लागले, त्याआधी सगळ्या जपानहून अखंड यायच्या. त्यामुळे "ह्या मॉडेलच्या गाड्या इम्पोर्टेडच असतात" किंवा "नसतातच" असं कुणी ठासून सांगायला लागलं, की आधी कुठल्या सालची ते विचारावं.

आरसीवर सोपं उत्तर मिळेल असं वाटलं होतं. स्मार्ट कार्डावर मालक, नंबर, इंधन, वजन सगळं असतं, पण गाडी कुठल्या देशात बनली याचा रकाना नाही. निर्मात्याच्या जागी कंपनीच्या भारतातल्या शाखेचं नाव होतं, त्यावरून काहीच कळेना. परिवहनच्या ॲपवर चेसिस नंबरचे शेवटचे आकडे फुल्या मारून झाकलेले. मग गाडीवरच बघायचं ठरवलं.

शिवाजी उद्यमनगरात आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत. गाडी तिथे नेली. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तेव्हा फ्रेमच्या गळ्यापाशी उजव्या बाजूला नंबर ठोकलेला दिसला, म्हणजे दिसायला हवा होता. वर्षभराची धूळ आणि चेन-स्प्रेचं तेल बसून त्याचा काळा थर झाला होता. मिस्त्रींनी रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून तो घासला, फडक्याने टिपला, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. एकेक अक्षर कागदावर पांढरं उठत गेलं. हा पेन्सिलचा छाप मी नेहमी घ्यायला लावते. मोबाइलच्या फोटोत चकाकी येते आणि 8 चा 3 दिसतो. छापात तसं होत नाही, शिवाय अक्षरं घासून परत ठोकली असतील तर त्यांची खोली सारखी नसते, तेही कागदावर लगेच कळतं. सतराच्या सतरा अक्षरं सरळ ओळीत आणि एकसारखी होती. इथवर गाडी स्वच्छ.

सुरुवातीची तीन अक्षरं: एम, एच, 3.

मिस्त्री म्हणाले, "बगा, एम. एम म्हंजी इंडिया." ऐकत उभा असलेला एजंट लगेच, "आन एमएच म्हंजी महाराष्ट्र! झालं की मॅडम, घरचीच गाडी हाय!" सगळे हसले. मीही हसले, कारण बोलणं खोटं असलं तरी झकास होतं.

एम म्हणजे भारत हे अर्धंच खरं आहे. पहिलं अक्षर जगाचा विभाग सांगतं आणि देश दुसऱ्या अक्षरावर ठरतो. एमला लागून ए, बी, सी, डी किंवा ई असेल तर भारत. बजाजच्या गाड्यांवर एमडी2 असतं, हिरोच्या एमबीएल, इथल्या होंडाच्या एमई4. एमला लागून एफ ते के यांतलं अक्षर आलं तर इंडोनेशिया, एल ते आर आलं तर थायलंड. एमएच3 हा यामाहाच्या इंडोनेशियातल्या कारखान्याचा कोड आहे. महाराष्ट्राचा एमएच नंबरप्लेटवर असतो, चेसिसवरच्या एमएचशी त्याचा काडीचा संबंध नाही. जपानची गाडी असेल तर पहिलंच अक्षर जे, इटलीची झेड, जर्मनीची डब्ल्यू, अमेरिकेची 1, 4 किंवा 5.

पण नुसत्या अक्षरांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आपल्या चाकणला बनलेली छोटी केटीएम युरोपात विकायला जाते तेव्हा तिच्यावर व्हीबीके असतं, आणि व्हीबीके हा ऑस्ट्रियाचा कोड. कोड ज्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे तो देश तिथे दिसतो, गाडी नेमकी कुठल्या शेडमध्ये जोडली ते दर वेळी दिसेलच असं नाही. माझ्या गाडीवर निर्मात्याची पट्टीही होती आणि तिच्यावर इंडोनेशियाच होतं. दोन्ही जुळल्यावर मी 'होय' पक्कं केलं.

एजंटचा चेहरा पडला. मला मात्र तेव्हाच नीट उमगलं, की या रकान्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेत. गाडी बनली कुठे, हा एक. कस्टममधून ती कुणी सोडवली आणि ड्यूटी भरली का, हा दुसरा. विमा कंपनीचं खरं दुखणं दुसरं. जुन्या मोटार टॅरिफमधलं आयएमटी 19 हे कलम ड्यूटी न भरता आलेल्या गाड्यांसाठीच आहे. त्यासाठी जादा हप्ता घेतात, आणि पार्ट देशात मिळत नसेल तर कंपनीच्या यादीतली किंमत, यादी नसेल तर कारखान्यातली किंमत अधिक वाहतूक अधिक ड्यूटी धरतात. वाहतूक जहाजाची धरतात, विमानाची नाही. आरसा विमानाने मागवला तर वरचे पैसे आपले.

आता ड्यूटी भरल्याचा पुरावा कुठून आणायचा? विकणाऱ्या मुलाच्या वडिलांकडे गेले. काका निवृत्त शिक्षक, गाडीची फाइल त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेली. आत शोरूमचं बिल, फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म 22 म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, आणि पहिल्या पॉलिसीची प्रत. एजंटने फाइल उलटीपालटी केली आणि म्हणाला, "कस्टमचा कागदच नाही. म्हंजी इम्पोर्टेड नाहीच." 'नाही'वर जायची वाट त्याला अजून सापडत होती.

कस्टमचा कागद नव्हता, कारण तो ग्राहकाकडे यायचं कारणच नव्हतं. कंपनी गाड्या घाऊक आणते, ड्यूटी भरते आणि डीलरमार्फत विकते. आपण शोरूममधून घेतो तेव्हा हातात साधं बिल आणि फॉर्म 21 येतो. याउलट एखाद्याने स्वतःच्या नावावर परदेशातून गाडी आणली, तर त्या एका गाडीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद असतो. पासिंगच्या वेळी फॉर्म 20 मध्ये नवीन, सैन्यातली की इम्पोर्टेड, हे लिहावं लागतं आणि मोटार वाहन नियम 47 प्रमाणे कस्टमचा दाखला जोडावा लागतो. अशी गाडी कुणी दाखवली, तर बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय इसार देऊ नये. त्यावरचा नंबर आणि तारीख कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर घालून पडताळता येते. शिवाय गाडी बनल्याची तारीख आणि इथलं पहिलं पासिंग यांत किती अंतर आहे ते बघावं. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ती मुंबईच्याच बंदरातून यावी लागते. सांगलीच्या माझ्या एका मित्राला दाखवलेल्या गाडीत हे अंतर सहा वर्षांचं निघालं. "कागद येतोय, दोन दिवसांत देतो" असं ऐकल्यावर त्याने तो नाद सोडला.

माझ्या गाडीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर आणि बिलाची प्रत मेल केली आणि विचारलं, ही गाडी तुमच्या डीलरने विकली आहे ना? होय, असं लेखी उत्तर आलं. ते, बिल आणि फॉर्म 21 जोडून विमा कंपनीला मीच कळवलं, की गाडी परदेशी बनावटीची आहे, कंपनीने आयात करून डीलरकडून विकली आहे, खाजगी आयात नाही. तिकडून कळलं, की मॉडेल त्यांच्या यादीत आहे आणि जादा भार लागणार नाही. ज्या हप्त्याला एजंट एवढा घाबरत होता तो एक रुपयानेही वाढला नाही.

हप्त्यापेक्षा आयडीव्हीने, म्हणजे विम्यासाठी गाडीची जी किंमत धरतात तिने, मात्र चकित केलं. आर-थ्री परत आली तेव्हा एक्स-शोरूम सुमारे 4.65 लाख होती. फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने किंमत उतरवून सुमारे 3.60 लाखावर आणली. आयडीव्ही जुन्या बिलावर काढत नाहीत, आजच्या यादीतल्या किमतीतून घसारा वजा करून काढतात. वर्ष ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के. 3.60 लाखाचे 80 टक्के म्हणजे 2.88 लाख. जुन्या किमतीने ते 3.72 झाले असते. काकांनी किंमत सांगितली होती ती जुन्या बिलाकडे बघून. पोर्टलवरचा आकडा त्यांच्यापुढे ठेवला. ते थोडा वेळ गप्प बसले, काकूंनी चहा आणला, आणि सौदा परत नव्याने बसला. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापण्याची जोड, तेवढी घेतली. या गाडीचं अंगभर फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, प्लॅस्टिकचं आहे आणि एरवी क्लेममध्ये प्लॅस्टिकचा निम्मा खर्च कापतात.

ओन डॅमेजची पॉलिसी मध्यंतरी खंडित झालेली असल्यामुळे व्हिडिओ इन्स्पेक्शन करावं लागलं. पावसाची एक उघडीप गाठून काकांच्या अंगणात ते उरकलं. तरी पोर्टल चेसिस नंबर घेईना. एजंट तोच तोच नंबर टाइप करतोय आणि लाल अक्षरं येतायत. बघितलं तर शून्याच्या जागी तो इंग्रजी ओ टाकत होता. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, गोल दिसलं की शून्यच. एवढं केलं आणि पान पुढे सरकलं.

पुढचं नेहमीचं. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर केली आणि चालू थर्ड पार्टी पॉलिसीवर नाव बदलायला चौदा दिवसांच्या आत अर्ज टाकला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मिळाला नाही, तो गाडीचा नसून माणसाचा असतो, त्या मुलाचा त्याच्याकडे राहिला. पॉलिसीची पीडीएफ आल्यावर एजंटने फोन केला. "मॅडम, माझ्या मेव्हण्याचीबी एक गाडी हाय, केटीएम. चासी व्हीबीकेनं सुरू हुतीय. तिला काय टाकू?"

मी म्हटलं, बिल आणि फॉर्म 21 घेऊन या, मग बोलू.