विंडोजच्या शेजारी

दुपारी काही सुचत नव्हतं म्हणून लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सवर उभी असलेली, विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायला बसलो. निमित्त तयारच होतं: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती या मशीनमध्ये नाही. पण जुनं पुसून टाकवेना. त्यात असे काही फोल्डर आहेत जे मी कधी उघडत नाही, पण असलेले बरे. इन्स्टॉलरने विचारलं, अख्खी डिस्क पुसू की विंडोजच्या शेजारी बसू? शेजारी म्हटल्यावर एक आडवी पट्टी आली. तिच्यातली दुभाजक रेघ माऊसने सरकवायची आणि कुणाला किती जीबी ते ठरवायचं.

त्या रेघेपाशी मी उगाचच बराच वेळ रेंगाळलो. इकडे ओढली, तिकडे ओढली.

शाळेत आमच्या बाकावर अशीच रेघ होती. आधीच्या कुठल्या तरी जोडीने कर्कटकाच्या टोकाने कोरलेली, आणि नेमकी माझ्या बाजूला दोन बोटं सरकलेली. शेजाऱ्याचं म्हणणं, रेघ आहे तिथे आहे. पलीकडे गेलेलं खोडरबर जप्त, कोपर गेलं तर पट्टीचा फटका. शेवटी भांडून भांडून मी मधोमध दुसरी रेघ कोरली. जुनी काही पुसली जाईना. मग दोन रेघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेचं काय करायचं? ती दोघांची ठरली. तिथे दोघांच्या पेन्सिली राहायला लागल्या आणि त्यांच्यावरून मात्र कधी भांडण झालं नाही. डिस्कवरही तशी जागा असते. ईएफआय पार्टिशन म्हणतात तिला, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा कप्पा, विंडोजने केलेली असेल तर बहुधा शंभर एमबीची. मायक्रोसॉफ्टचा फोल्डर आणि उबंटूचा फोल्डर तिथे गुण्यागोविंदाने शेजारी असतात.

'इन्स्टॉल'वर क्लिक करताना छातीत थोडं धडधडतंच, कितीही वेळा केलेलं असो. बॅकअप घेतलेला असतो, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवलेली असते, तरीही. खुद्द लिनक्सच्या जनकाला, लिनस टोरव्हाल्ड्सला, हे चुकलं नाही. लिनक्स नुकतंच जन्मलं होतं, मशीनवर मिनिक्स नावाची दुसरी सिस्टिमही होती, आणि त्याने फोन लावणाऱ्या मॉडेमला द्यायची नंबर फिरवायची आज्ञा चुकून डिस्कच्या पार्टिशनला दिली. मिनिक्स गेलं. ते पुन्हा टाकण्याऐवजी तो लिनक्सवरच राहिला. म्हणजे जगातल्या पहिल्यावहिल्या लिनक्सवाल्या संसारात सवत होती, आणि ती एका राँग नंबरने गेली. मला हा किस्सा फार आवडतो. कुणी ठरवून काही सोडलं, त्यापेक्षा असं अपघाताने सुटलं की जास्त खरं वाटतं.

इन्स्टॉल निर्विघ्न झालं. आता मशीन सुरू केलं की ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो आणि दहा सेकंद थांबतो. उबंटू की विंडोज? खाली आकडा उतरत जातो.

दोघांचं घड्याळावरून पटत नाही, ते सोडा. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी चुकलेली. विंडोजला रजिस्ट्रीतून, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगमधून, वळवता येतं, लिनक्सला एका आज्ञेत. मी लिनक्सलाच नमतं घ्यायला लावलं. ते ऐकतं.

खरी गंमत पुढे आहे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे: कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर उतरवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. पण मग त्याचं पार्टिशन अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स तिथे काही लिहायला साफ नकार देतं. फार तर वाचू देतं. आणि विंडोज खरोखर बंद करायचं असेल तर काय म्हणायचं? 'रीस्टार्ट'! तेव्हा मात्र कर्नल पुरतं बंद होतं.

मला हे लागलं, कारण मी स्वतः फास्ट स्टार्टअपवरच चालतो. पुस्तकं पालथी घातलेली, पत्रं अर्धी लिहिलेली, ब्राउझरमध्ये टॅबची रांग. काहीच बंद होत नाही, नुसतं मिटतं. दिवसभरात ज्या यंत्राशी संबंध येतो त्यातलं एकही मला म्हणत नाही की आधी ते संपव, मग इकडे ये. ड्युअल बूट, म्हणजे एका मशीनवरच्या या दोन सिस्टिम, तसं म्हणतं. फाइल सेव्ह कर, सगळं बंद कर, काळा पडदा बघ, आणि मग सांग कुठे जायचंय.

एक मित्र म्हणतो, या जमान्यात रीस्टार्ट कोण करतं, व्हर्च्युअल मशीन घे, म्हणजे संगणकाच्या आतच दुसरा आभासी संगणक. ते नको तर डब्ल्यूएसएल आहे, २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालतंय. त्याचं सगळं बरोबर आहे. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी, इकडचं कॉपी, तिकडे पेस्ट. मला तेच नकोय, हे त्याला कसं सांगावं कळत नाही. सांगितलं तर म्हणेल, मग दोन लॅपटॉप घे.

दहा सेकंद मात्र कमी पडतात. पाण्याचा ग्लास घेऊन येईपर्यंत मेनूने आपणच ठरवलेलं असतं, आणि दर वेळी उबंटू, कारण यादीत तेच पहिलं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत टाइमआउट उणे एक लिहिलं की तो मेनू हवा तितका वेळ थांबतो म्हणे. लिहून ठेवलंय. ते लागू व्हायला अपडेट-ग्रब चालवावं लागतं, तेवढं राहिलंय. बघू.