कानाने भाषा ओळखणे : सातवा महिना

कानावर पडलेली भाषा ओळखून वहीत लिहायची, अशा नोंदी या महिन्यात पाचच झाल्या. त्यातल्या एकीने माझी ऐकायची पद्धत बदलली, म्हणून ती आधी लिहितो.

सात रस्त्याजवळच्या एका उडुपी हॉटेलात सकाळी इडली खात होतो. गल्ल्यावरचे अण्णा आणि आतला आचारी बोलत होते. मी वहीत लगेच ‘कानडी’ लिहून टाकलं. सोलापूरकराला कानडी ओळखायला वेगळा कान लावावा लागत नाही, अक्कलकोटची एसटी पुरते. पण दोन मिनिटांत खटकायला लागलं. चाल कानडीची, तरी अर्थ हाती येईना. ‘इल्ला’ यायला हवं तिथे ‘इज्जि’ येत होतं. मध्येच ‘उंडु’ आलं, ते तर साखर पेठेतल्या तेलुगूजवळचं वाटलं. म्हटलं, सीमेवरची मिसळलेली बोली असेल.

तेवढ्यात अण्णा नोटा मोजायला लागले. ओंजि, रड्ड्, मूजि, नाल्, ऐन्... असं करत पत्त्. मी चमचा खाली ठेवला. जुन्या कानडीतल्या शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, त्यामुळे आजच्या कानडीत दहा म्हणजे हत्तु आणि दूध म्हणजे हालु. तमिळमध्ये पत्तु आणि पाल्, तेलुगूत पदि आणि पालु. म्हणजे ‘पत्त्’ म्हणणारा कानडीत मोजत नव्हता. तमिळ म्हणावी तर तीनला ‘मूणु’ हवं. कानडी मूरु, तेलुगू मूडु. ‘मूजि’ यातल्या कशातच बसेना. शिवाय त्या ‘पत्त्’ला शेपटीसारखा एक आखूड स्वर होता, ओठ गोल न करता म्हटलेल्या ‘उ’सारखा. तो मी लिहूच शकलो नाही.

गर्दी ओसरल्यावर विचारलं, “अण्णा, ही कानडी नाही ना?”

“नाही हो, तुळू. आमच्या मंगळूर-उडुपीकडची. घरात हीच.”

मग त्यांनी हौसेने वीसपर्यंत अंक म्हणून दाखवले. रेकॉर्ड करू का, असं आधी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. सहाला ‘आजि’ म्हणतात. २०११च्या जनगणनेत तुळू मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या आसपास आहेत. लहानपणापासून उडुपी हॉटेलांत बसतोय, इतकी वर्षं ही भाषा कानावरून जात असणार आणि मी तिला कानडी समजून सोडून देत आलो. याचं मनापासून वाईट वाटलं.

तेव्हापासून दक्षिणेकडची भाषा असली की आधी तीन, दहा आणि ‘नाही’ एवढंच पकडायचा प्रयत्न करतो. ओळखीचे शब्द फसवतात, कारण ते या भाषांनी एकमेकींकडून आणि संस्कृतातून उचललेले असतात. अंक आणि शेवटचे प्रत्यय सहसा फसवत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्यांचंच घ्या. ‘वार्ता’ तिघींकडे आहे, पण तेलुगूत वार्तलु, कानडीत वार्तेगळु, मल्याळममध्ये वार्तकळ्. अनेकवचनावरच निकाल लागतो.

दुसरी नोंद स्टेशनवरची. कोणार्क एक्सप्रेस थांबली होती, दारात दोघं बोलत होते. ‘अ’ ओकाराकडे झुकलेला, म्हणून बंगाली ठरवत होतो. इतक्यात स्पष्ट ‘ळ’ आला, आणि शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही पूर्ण उच्चारलेला. बंगालीत ‘ळ’ नाही. उडिया लिहिलं. विचारल्यावर बरोबर निघालं. आपल्याला ‘ळ’ घरचा असल्यामुळे तो गोंगाटातही सापडतो.

दोन नोंदी साध्या होत्या, दोन्ही तेलुगू.

पाचवी अजून उघडी आहे. एसटी स्टँडवर दोन बायका बोलत होत्या आणि वाक्यं ‘छ’वर संपत होती. गुजरातीतला लांब ‘छे’ तो नव्हता. माझा कल गोरबोलीकडे, म्हणजे बंजारा लोकांच्या भाषेकडे आहे. अंक एकही कानावर आला नाही. तीनला ‘त्रण’ आलं असतं तर गुजराती म्हणून मोकळा झालो असतो. रविवारी मुळेगाव तांड्यावर ओळखीच्यांकडे जातोय. तिथलं बोलणं ऐकल्यावरच वहीत नाव लिहीन.