उघड्यावर उभ्या गाडीतला उकाडा कमी करताना: ऐरोलीतला माझा अनुभव

माझी हॅचबॅक नवी मुंबईतल्या ऐरोलीत ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. ती थंड ठेवायचे उपाय मी एकेक करून केले आणि दर वेळी तापमान मोजलं. बहुतेक जण सुरुवातच काचांना चिकटवायच्या फिल्मपासून करतात. माझ्या मते फिल्म शेवटी यावी. सगळ्यात जास्त पैसे तिच्यात जातात, कायद्याची भानगड तिच्याचमुळे होते, आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीला तिचा उपयोग सनशेडपेक्षा, म्हणजे पुढच्या काचेला आतून लावायच्या आडोशापेक्षा, कमी होतो.

आधी मोजायचं कसं ते. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारी कांडी, असलेला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. प्रोब ड्रायव्हरच्या हेडरेस्टमागे, सावलीत आणि कशालाही न टेकता लटकवायचा. त्यावर थेट ऊन पडलं तर हवेचं नाही, प्रोबचंच तापमान दिसतं. लांबून रोखून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन डॅशबोर्ड आणि सीटसाठी ठीक आहे, पण चंदेरी सनशेडवर रोखली की आकडा खोटा येतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकतो आणि गनला त्याच्यातलं प्रतिबिंबच दिसतं. बाहेर उभं राहून काचेतून आतलं मोजायला गेलात तर काचेचं तापमान मिळेल.

बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशांनी वर जाते आणि यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत बसवून जाणं साफ चूक. काळा डॅशबोर्ड उन्हात सहज ७० अंशांपुढे जातो. पॉवर बँक, परफ्यूमचा कॅन, लायटर आणि औषधं तिथे ठेवू नयेत.

उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशात असते, साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त इन्फ्रारेडमध्ये, आणि अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. हे बरंचसं काचेतून आत येतं आणि डॅशबोर्ड-सीट तापवतं. तापलेला डॅशबोर्ड मग जी उष्णता फेकतो ती लांब तरंगलांबीची असते, आणि काच ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे ऊन अडवायचं ते डॅशबोर्डला लागण्याआधीच.

फुकटातला उपाय म्हणजे गाडीचं तोंड. ठाणे-नवी मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या पुढे, त्यामुळे दुपारचं ऊन लांबतं. इमारतीच्या पूर्वेची जागा मिळाली तर दुपारनंतर सावली येते. सकाळी अकराला छान सावली असलेली पश्चिमेची जागा तीनला भट्टी होते. मेच्या मध्यावर सूर्य इथे बरोबर डोक्यावरून जातो आणि पुढची काच तिरकी असल्याने दुपारी ऊन थेट डॅशबोर्डवर उतरतं. तेव्हा मी तोंड पूर्वेकडे ठेवतो, म्हणजे निदान उतरतं ऊन तरी मागच्या लहान काचेवर जातं. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो, तेव्हा तोंड उत्तरेला. झाडाखाली लावायची तर वर बघून लावा. मिलीबग ही कीड पडलेल्या रेन ट्रीखाली टपावर जो चिकटा पडतो, तो उन्हात वाळला की निघता निघत नाही.

मग सनशेड. बाजारातली ‘सगळ्या गाड्यांना बसणारी’ शेड कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. दोन्ही कडांच्या खांबांपाशी त्रिकोणी फट राहते आणि तेवढ्यातून स्टिअरिंग तापतं. छत्रीसारखी उघडणारी शेड झटपट लागते, पण तिचा दांडा टचस्क्रीनवर ओरखडे पाडतो. मी पत्र्याखाली लावतात ती फॉइलची फोम शीट आणली, चार-पाच मिलिमीटर जाडीची. हॅचबॅकला दीड मीटर बाय एक मीटरचा तुकडा पुरतो. आतून काचेवर वर्तमानपत्रं चिकटवून आकार काढायचा, आरशासाठी खाच ठेवायची, आणि कापताना चारही बाजूंनी सेंटीमीटरभर जास्त सोडायचं, म्हणजे शीट कडेला दाबून बसते. कापलेल्या कडांना कापडी टेप लावला नाही तर फॉइल सुटतं. लावताना चंदेरी बाजू काचेकडे. आलेलं ऊन प्रकाशाच्याच रूपात परत गेलं तर काच त्याला जाऊ देते. काळी बाजू काचेकडे केली तर शीटच तापते आणि ती उष्णता आतच राहते. वरून सन व्हायझर खाली ओढले की शीट पडत नाही. काढल्यावर घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीवर फॉइल चिरतं.

बाहेरून झाकणं याहून चांगलं, कारण मग काचही तापत नाही. पूर्ण बॉडी कव्हरचा मात्र मला कंटाळा आहे: खाली धूळ राहिली की रंगावर बारीक चरे येतात, आणि पावसाळ्यात हवा न खेळणारं कव्हर गाडी ओलसर ठेवतं.

आता फिल्म. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचांवर कितीही टक्के प्रकाश सोडणारी फिल्म किंवा दुसरं काहीही लावायला बंदी केली. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मध्ये बदल होऊन सेफ्टी ग्लेझिंगलाही, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेलाही, जागा मिळाली. अट अशी की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने या मर्यादेतल्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही असं म्हटलं. तो निकाल केरळचा आहे. आपल्याकडे नाक्यावर तो दाखवून वाद मिटेलच असं धरू नका. बाजूच्या काचांना लावायच्या जाळ्याही चालत्या गाडीत काढूनच ठेवायच्या.

खरी गोम गुणाकारात आहे. टक्के मोजतात ते काच आणि फिल्म मिळून. कंपनीची हिरवट काच स्वतः साधारण ७५ टक्केच प्रकाश सोडते असं धरा. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म म्हणजे ०.७५ × ०.७०, साडेबावन्न टक्के. बाजूला हे जेमतेम बसतं. पुढच्या काचेवर ९० टक्क्यांची फिल्म लावली तरी साडेसदुसष्ट, म्हणजे नापास. म्हणून पुढची काच मोकळी सोडली, तिथे शेडच.

दुकानात दिव्यासमोर हात धरायला लावतात. तो दिवा जवळजवळ सगळी उष्णता इन्फ्रारेडमध्ये देतो, त्यामुळे इन्फ्रारेड अडवणारी सिरॅमिक फिल्म तिथे जादू केल्यासारखी वाटते. उन्हात तसं होत नाही. ७० टक्के उजेड सोडणाऱ्या फिल्मने इन्फ्रारेड आणि अतिनील संपूर्ण अडवलं असं मानलं तरी सुमारे ३० टक्के ऊर्जा उजेडातूनच आत येते, शिवाय फिल्मने शोषलेल्यातला काही भागही आत उतरतो. दुकानदार सांगतो तो ‘९७ टक्के उष्णता अडते’ हा आकडा इन्फ्रारेडच्या एखाद्या पट्ट्यापुरता असतो. विचारायचा तो आकडा एकूण सौर ऊर्जा किती अडते याचा, म्हणजे टीएसईआर. रंगवलेली स्वस्त फिल्म काही वर्षांत जांभळी पडते. धातूचा थर असलेली फास्टॅग आणि जीपीएसच्या आड येते.

बसवून घेताना बंद जागेत काम करणारा माणूस शोधा. रस्त्याकडेला बसवली की धुळीचा कण अडकतो आणि तो फुगा जन्मात बसत नाही. पाण्याचे दुधी डाग मात्र वाळल्यावर जातात. चार-पाच दिवस काचा खाली करायच्या नाहीत, पावसाळ्यात त्याहून जास्त. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर पुढे कधी फिल्म काढताना त्या उखडू शकतात, म्हणून मी मागची काचही सोडली. अमोनियावालं क्लीनर फिल्मवर वापरायचं नाही. बिल आणि फिल्मचं प्रमाणपत्र गाडीतच ठेवलंय.

संध्याकाळी निघताना आधी सगळ्या काचा खाली, ब्लोअर पूर्ण, आणि बाहेरची हवा चालू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते, तीच फिरवून एसीला दमवण्यात अर्थ नाही. मिनिट-दोन मिनिटं गाडी चालली की काचा वर करून रीसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणं. जागेवर उभ्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनबरोबर सावकाश फिरतो, म्हणून एसी लावून वाट पाहण्यापेक्षा निघालेलं बरं. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर डंपरची खडी लागून पुढच्या काचेला टवका पडला असेल, तर तो रेझिनने भरून घेईपर्यंत तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका, गार पाणीही मारू नका. त्या टवक्यातूनच चीर निघते.