टेबलावरचं टेसन

मॉडेल रेल्वेच्या छंदात गाडी ही सगळ्यात कमी करमणुकीची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. गाडी विकत मिळते, रुळांवर ठेवली की धावते आणि चार फेऱ्या झाल्या की पाहुण्यांची पोरंसुद्धा मोबाइलकडे वळतात. मजा आहे ती गाडी जिथे थांबते तिथे. स्टेशनची इमारत, मालधक्का, केबिन, पाण्याची टाकी, फाटकाजवळची गेटमनची खोली. या सगळ्यांचे किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचे संच, मिळतात आणि ते जोडत बसणारी माझ्यासारखी माणसं जगभर आहेत. त्यातली बरीचशी थंड मुलखात राहतात, ही आमची अडचण. तिच्याकडे येतोच.

आधी माप सांगतो. एचओ म्हणून जे माप सर्वाधिक चालतं, ते १:८७ चं. साडेपाच फुटी माणूस त्यात १९ मिलिमीटरचा होतो, नऊ इंची वीट अडीच मिलिमीटरची आणि टपरीवरचा चहाचा ग्लास एक मिलिमीटरच्याही आत. ऐकायला हे फारच लहान वाटतं, पण रेल्वे ही मुळात इतकी अवाढव्य गोष्ट आहे की ८७ ने भागूनही ती घरात मावत नाही. नागपूर स्टेशनचंच घ्या. १९२५ साली उघडलेली, सावनेरच्या वालुकाश्मातली ती देखणी इमारत आपण करावी, असं इथल्या मॉडेलवाल्याला कधी ना कधी वाटतंच. मग तो हिशेबाला बसतो. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या गाड्यांचा नव्या बनावटीचा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे टेबलावर २७ सेंटिमीटर. बावीस डब्यांची गाडी झाली सहा मीटर आणि फलाट त्याहून लांब. आमच्या मागच्या खोलीत एवढं बसवायचं तर गाडी स्वयंपाकघरातून न्यावी लागेल, आणि तिथलं स्टेशन मास्तरपद आधीच भरलेलं आहे.

म्हणून सगळेच गाळतात. बावीसचे सहा डबे होतात, दहा खिडक्यांच्या चार, चार फलाटांचा एक. बाहेरच्याला ही पळवाट वाटते. मला तर सगळी कारागिरी इथेच दिसते. भिंत कुठे तोडली म्हणजे इमारत बुटकी न दिसता नुसती आटोपशीर दिसेल, हे कोणत्याही किटच्या कागदावर लिहिलेलं नसतं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे गाड्या, सिग्नल, सगळं बघून घ्यावं, पण एवढ्याशा जागेत एवढं गाव कसं कोंबलंय, तेही निरखावं. नागपूरकर असूनही पुण्याचं कौतुक करतोय, यावरून काय ते समजा.

मोठ्या लाइनचा मोह सुटायला आणखी एक कारण झालं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरची. ती १:८७ मध्ये सव्वाएकोणीस व्हायला हवी. बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेले. त्यामुळे भारतीय इंजिन त्यावर ठेवलं की ते जरा पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेक जण डोळेझाक करतात. पण आमच्या भागातली नॅरो गेज, म्हणजे छोटी लाइन, ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागा. पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात! ऑस्ट्रियातल्या डोंगरी गाड्या ७६० मिलिमीटरवर धावतात, त्यांच्या मॉडेलसाठी ही सोय आधीच झालेली आहे. आयती आमच्या पथ्यावर पडली.

आणि नॅरो गेजसाठी नागपुरात राहणाऱ्याने दुसरीकडे बघायचं कारणच नाही. नागपूर–नागभीड लाइन १९०८ ची. इतवारीहून निघून उमरेड, भिवापूर करत रमतगमत नागभीडला जायची. छिंदवाड्याची लाइन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये, दोन्ही गेज बदलण्यासाठी. आता उरलंय ते नागपुरातल्याच मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात. इंजिनं बघायला लोक तिथे पोरांना घेऊन जातात. मी जातो तो टेप घेऊन, आणि डब्याच्या पायरीची उंची मोजू लागलो की रखवालदार जरा जवळ येऊन उभा राहतो.

छोटी गाडी, छोटा फलाट, तीन खोल्यांचं स्टेशन. यात गाळायचं फारसं राहत नाही. प्रश्न फक्त किटचा, कारण उमरेडच्या लाइनवरच्या स्टेशनचा किट कोणी काढत नाही. जे मिळतात ते बहुतेक जर्मन. फालर ही या धंद्यातली जुनी कंपनी, १९४६ पासूनची, ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावातली. त्यांची स्टेशनं बघून जीव हरखतो: उभ्या उतरणीचं लाल छप्पर, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, खिडक्यांना हिरव्या फळ्या, वर धुराडं. छप्पर इतकं उतरतं कारण तिकडे बर्फ पडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या धुराड्यातून काय काढायचं?

तर मग कापाकापी. प्लास्टिकचे भाग चौकटीत अडकलेले येतात, प्रत्येकाला नंबर. ते पिरगाळून तोडायचे नसतात, निपरने, म्हणजे छोट्या कातर-पकडीने कापून देठाची खूण पॉलिश पेपरने घासून काढायची. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती वरून कापल्या की छपराचा उतार आपल्या कौलारू घराइतका होतो. धुराडं बाद. खिडक्यांच्या फळ्या बाद, त्या जागी बारीक तारेचे गज. जोडायला फेव्हिकॉल चालत नाही, प्लास्टिकला तो धरतच नाही. फेव्हिक्विक धरतं, पण खिडकीच्या काचेवर त्याच्या वाफेचा पांढरा थर बसतो. लागतं ते पाण्यासारखं पातळ प्लास्टिक सिमेंट. दोन तुकडे एकमेकांना भिडवून धरायचे आणि ब्रशचं टोक नुसतं फटीला टेकवायचं. ते आपोआप फटीत ओढलं जातं, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. कोपऱ्यातून ती ओली रेघ सरसर खाली जाताना बघणं, हे या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य.

उन्हाळ्यात मात्र ती रेघ अर्ध्यावरच सुकते. कूलर लावावा तर एकोणीस मिलिमीटरचे प्रवासी उडून पलंगाखाली जातात आणि स्प्रेचा रंग दमट हवेत पांढुरका पडतो. कूलर बंद करावा तर नाकावरचा घाम थेट फलाटावर. आमच्याकडे हा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला संपतो, असं धरून चालावं.

पण कूलरचे उपकारही आहेत. मागच्या वर्षीची वाळ्याची ताटी टाकून द्यायची नाही. तिच्या काड्या कातरीने बारीक कापल्या की रुळांच्या कडेचं वैशाखातलं गवत होतं, रंग द्यायचीसुद्धा गरज नाही. रुळांखाली कन्हान नदीची रेती, चहाच्या गाळणीने चाळलेली. तिच्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल सोडायचा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर तो वरच गोळा होऊन बसतो. आणि टिनाच्या शेडसाठी आईची उवांची फणी! खऱ्या टिनाच्या पन्हाळ्या तीन-तीन इंचांवर असतात, ८७ ने भागल्यावर एक मिलिमीटरच्या जरा आत. फणीचे दात जवळपास तेवढ्याच अंतरावर. जाड फॉइल त्यावर ठेवून नखाने दाबत गेलं की टिन तयार. आईचं यावरचं मत वेगळं आहे. ‘‘एवढे पैसे देऊन घर आणलंस, तेही मोडकं, अन् आता माझी फणीही नेलीस?’’

जोडून झालं की इमारत कोरी करकरीत दिसते, आणि तीच तिची खोट. प्लास्टिकची चकाकी मॅट रंगाने मारावी लागते. मग काळपट तपकिरी रंग भरपूर पातळ करून सगळीकडे फिरवायचा. तो विटांच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि भिंतीवर पन्नास पावसाळे एका दुपारी होऊन जातात. त्यानंतर जवळपास सुका ब्रश नुसता वरवर फिरवला की कडा उजळतात. इथे हात आवरता येणं महत्त्वाचं. उत्साही माणसं स्टेशन इतकं मळवतात की तिथे भूतबंगल्याची जाहिरात लावावी.

आमच्या शेजारी एक काकाजी आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. इमारत रंगवून झाली की मी त्यांना बोलावतो. ते चष्मा वर करून, वाकून बघतात. कारागिरीबद्दल चकार शब्द नाही. ‘‘बाकी ठीक आहे बाप्पा, पण रेतीच्या बकेटी कुठी आहेत?’’ मग लाल बकेटी येतात, चार, ओळीने टांगलेल्या. पुढच्या वेळी रुळाचा लटकवलेला तुकडा, घंटा म्हणून. मग कडुनिंब आणि त्याचा पार. पिवळा बोर्ड, तीन भाषांत, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. बोर्डावर खऱ्या गावाचं नाव मी टाकलेलं नाही. खरं नाव दिलं की लोक खिडक्या मोजतात.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो एका जर्मन बिअर कारखान्याच्या किटवरून. सुंदर विटांची इमारत आहे, तीन मजली, मोठं धुराडं. या वेळी धुराडं राहणार, यावर एकमत आहे, कारण त्याची राईस मिल होणार, नागभीडकडे धानाचा मुलूख आहे. काकाजींना मात्र शेजारच्या मोकळ्या जागेत भिवापुरी मिरची वाळत घातलेली हवी. मिरचीचं गाव, मिरची दिसलीच पाहिजे. मी म्हटलं, लाल रंगाचा भुसा टाकू. ते म्हणाले, रंगाचा कायले, घरात तिखट नाही काय? कल्पना वाईट नाही, रंग अगदी बरोबर येईल. फक्त मग त्या खोलीत कूलर लावायचा की नाही, हे मार्चच्या आत ठरवावं लागेल.